वर म्हणजे कुठं

आबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी छावणीवर होते. मार्च संपत आला होता. तलवाड्याच्या वाटेवर माळाला चारा छावणी लागली होती आणि आमच्या वाडीतली निम्मी माणसं जनावरांपाशीच राहायला गेली होती. मी बीडहून सकाळच्या एसटीनं निघाले, फाट्यावर उतरले आणि हिरव्या जाळीखालच्या ओळी मोजत सातव्या ओळीत पोचले. आबा कोयत्यानं उसाची कांडकी करत बसले होते.

"आलीस? बस. त्या गाईपासून जरा लांब बस, आज तिचं टाळकं फिरलंय."

"काय झालं तिला?"

"तिला ऊस नको, कडबा पाहिजे. म्हणलं, बाईसाहेब, कडबा आता सपनात खा." गाईच्या कानातला पिवळा बिल्ला त्यांनी दोन बोटांनी हलवला. "हिला नंबर हाय, म्हणून हिला पेंड मिळती. मला नंबर न्हाई. मी तुझ्या आईच्या भाकरीवर."

आम्ही जाळीच्या सावलीत बसून ती भाकरी खाल्ली. ठेचा होता, कांदा होता. आबांनी माझ्या नोकरीची चौकशी केली, बीडमध्ये घरमालकीण पाणी देते का ते विचारलं. विहिरीबद्दल एक शब्द काढला नाही. जेवता जेवता दोन्ही हातांत बादल्या घेतलेले बद्रीनाथकाका, आबांचे धाकटे भाऊ, आमच्या ओळीच्या तोंडावरून गेले. त्यांची नजर बादल्यांवर होती. आबा त्यांच्या पाठीकडं बघत राहिले.

"बद्री वाळलाय लई," एवढंच म्हणाले.

जानेवारीतल्या सभेपासून एक वाक्य मी तोंडात धरून होते. त्या दिवशी ते बोलायचं असं ठरवूनच आले होते. आसपास कुणी नव्हतं, आबांचा स्वभाव शांत, आणि माझ्याजवळ चार वाजेपर्यंतचा वेळ होता.

"आबा."

"हं?"

"गोळ्या घेता ना वेळेवर?"

"घेतो की. कडू औषध सोडून सगळं घेतो."

चारची गाडी पकडायला मी उठले. ते फाट्यापर्यंत आले नाहीत. गाय सुटेल म्हणाले. मी वळून पाहिलं तेव्हा ते पुन्हा उसाला बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुग्रीवचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. आबा तिथंच, गाईच्या दावणीपाशी, झोपेत गेले होते.

*

आमचं शिवार दक्षिणेला माळाकडं चढतं आणि उत्तरेला नदीकडं उतरतं; नदीला आम्ही गंगा म्हणतो. त्यामुळं आमच्याकडं वर म्हणजे दक्षिण. माळाला जाणारा 'वर' जातो, गंगथडीला जाणारा 'खाली'. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. मीही लहानपणी असंच बोलायचे.

वाडीची पाणी सोसायटी एकतीस सभासदांची. आबा तिचे चेअरमन, बद्रीनाथकाका सचिव. त्या वर्षी सोसायटीला सगळ्यांच्या मालकीची एकच विहीर घेता येणार होती आणि जागा दोन होत्या. एक वरल्या शिवारात, माळाच्या पायथ्याशी, पाझर तलावाच्या खालच्या अंगाला. तिथं वाटणीत काकांकडं गेलेली जमीन. दुसरी खालच्या शिवारात, ओढ्यावरच्या बंधाऱ्याजवळ. तिथं आमची. तीन सभा झाल्या, तिन्ही आरडाओरड्यात मोडल्या.

मी बीडला पाणलोटाचे नकाशे करणाऱ्या एका संस्थेत आहे. मीच आबांना म्हणाले, भांडण तोंडानं चाललंय म्हणून मिटत नाही. सगळ्यांना सगळं शिवार एकदम दिसू द्या आणि मग ठरवू द्या. उपग्रहाच्या चित्रावर मी गटांच्या हद्दी चढवल्या, विहिरींची पातळी रंगांनी दाखवली आणि दहा फुटी फ्लेक्स छापून आणला. माझ्या हिशोबानं विहीर खालीच व्हायला हवी होती. नकाशा बघून ते कुणालाही पटेल असं मला वाटत होतं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी आबांनी तो ओसरीवर अंथरला आणि त्याच्याभोवती दोनदा फिरले.

"ह्याचं वर कुठं हाय?"

"उत्तर वर असते, आबा. सगळ्या जगात."

"जगात असंल. आपल्यात वर म्हंजे माळ." मग त्यांनी पायानं फ्लेक्सची कड ढकलत ढकलत तो फिरवला, माळाची बाजू माळाकडं येईपर्यंत. "हा असा भुईवर टाक. दिशेला दिशा लावून. माणसं आपापल्या रानात जाऊन उभी ऱ्हातील. मग बोला म्हणावं."

मी म्हणाले, पायांनी फाटेल. म्हणाले, मागच्यांना दिसणार नाही. दोन्ही खरं होतं. तिसरं कारण मी बोलले नाही. भुईवर टाकला असता तर तो रांगोळीसारखा दिसला असता, आणि मला तो नकाशासारखा दिसायला हवा होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीला मी तो टांगला.

मतासाठी टिकल्या होत्या, बाजारातून आणलेल्या लाल चिकट टिकल्यांची पाकिटं. एका सभासदाला एक टिकली. जिथं विहीर हवी तिथं लावायची. त्रिंबक, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं, टिकली बोटावर घेऊन म्हणाला, "चेअरमनसायेब, आता आमाला कुकू लावलं, बांगड्या कवा भरताव?" लोक हसले. बऱ्याच दिवसांनी सोसायटीच्या सभेत कुणी हसलं होतं.

दुसऱ्याच नंबरला भिवराकाकू आल्या. आमच्या शेजारच्या, सत्तरीच्या, एकट्या. टाचा उंचावून त्यांनी फ्लेक्सच्या वरच्या टोकाला, निळ्या ठिपक्यावर, टिकली दाबली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वरच बरं, बाय. तळ्याच्या पोटात."

मला तेव्हाच कळलं. पाझर तलाव दिवाळीतच आटला होता. चित्रात तो मातीच्याच रंगाचा आला होता, अगदी खाली. बंधाऱ्यात तेवढं डबकं होतं, ते निळं आलं होतं, वर. काकूंनी वर बघितलं, निळं बघितलं, आणि तळं ओळखलं. मी दोन हातांवर उभी होते. "काकू, तळं खाली आहे," एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या मागं ओळ होती, आणि ओळीनं त्यांची टिकली कुठं लागली ते बघितलं होतं.

मी पुढच्या माणसाच्या बोटावर टिकली ठेवली.

वर वीस लागल्या, खाली अकरा. मी जागेचा गट नंबर सांगितला आणि काकांनी तो सभेच्या वहीत लिहिला. दुसऱ्याच्या रानाचा गट नंबर कुणाला पाठ नसतो.

*

काकांनी हे मला दोन वर्षांनी सांगितलं, आमचं पुन्हा बोलणं सुरू झाल्यावर. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते.

त्यांचीही टिकली वर होती. भिवराबाईच्या टिकलीच्या बाजूला, कारण तिथं तळं आहे असं सगळेच म्हणत होते. सभा संपली तेव्हा ते खूश होते. दादानं आपल्या रानाचा हट्ट केला नाही, लोकांनी सरळ निवडलं, असं त्यांना वाटलं. दहा दिवसांनी विहीर खणायला पोकलेन वाडीत आलं आणि माळाकडं न वळता ओढ्याकडं उतरलं. काका चप्पल न घालता पळत गेले.

"दादा, हे खाली कावून चाललंय?"

"टिकल्या तिथंच लागल्यात, बद्री. नंबर तूच लिवलास."

"लोकांनी माळ म्हणून लावल्यात त्या! मी सवता लावली!"

आबांनी पोकलेनकडं बघितलं. मग म्हणाले, "मी इचारून घेतलंय. लोकांना समजलं होतं."

"कुणाला इचारलं?"

"इचारलंय म्हणलं ना."

काकांनी तीनदा विचारलं. आबांनी नाव सांगितलं नाही. काकांच्या मनात तिथून गाठ बसली. दादा आपल्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, तेही आपल्या बांधाला विहीर न्यायला, असं त्यांनी धरलं. आणि त्याहून जास्त टोचत होतं ते दुसरंच. सचिव आपण, दहावी पास आपण, आणि नंबर आपल्याच अक्षरात.

बेचाळीस फुटांवर पाणी लागलं. मचूळ निघालं. पोहऱ्यातलं पाणी जनावरांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या आठवड्यात वाडीत बोललं जाऊ लागलं की बापलेकीनं ठरवून नकाशा उलटा टांगला. ही गोष्ट काकांनी सुरू केली नव्हती. "पर मी कुणाचं तोंड बी धरलं न्हाई," ते म्हणाले. छावणीत त्यांची जनावरं सातव्याच ओळीत होती, आबांच्या शेजारी. ती त्यांनी दहाव्या ओळीत नेली.

"त्या दिवशी तुमी जेवत होतात," काका म्हणाले. "मला वाटलं, दादा हाक मारील. मारली असती तर मी बसलो असतो."

*

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी सोसायटीची माणसं आमच्या अंगणात येणार होती, कारण सभेची वही आबांच्या कपाटात होती. त्यांच्या अगोदर सारजाकाकू, बद्रीनाथकाकांच्या पत्नी, मागच्या दारानं स्वयंपाकघरात आल्या. आई चुलीपुढं होती. काकूंनी तिला चहा करू दिला नाही. स्वतःच पातेलं चढवलं.

"अक्का, तुमच्या दिरानं ठराव लिवून आणलाय. सांगितल्याबिगर मला ऱ्हाववलं न्हाई."

"कसला?"

"पयला ठराव रद्द करून माळाला विहीर मागायची हाय. तालुक्याचा सायेब म्हणला, रद्द कावून करताव ते कारण लिवा. तर कारण लिवलंय." काकूंनी साखरेचा डबा उघडला आणि तसाच धरून ठेवला. "अध्यक्षांनी नकाशा उलटा लावून सभासदांची दिशाभूल केली, असं."

सुग्रीव उंबऱ्यात बसला होता. तो ताडकन उठला. "काकाला लाज न्हाई वाटत? काल तेराव्याला पंगतीत वाढत होता!"

"वाढताना रडत बी होता," काकू म्हणाल्या. "दोन्ही खरंच हाय, बाबा."

"मी वहीच देणार न्हाई."

"मग काय करशील? वाडी सोडून जाशील?" आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्यांना पाणी पाहिजे. तुला बी पाहिजे. लिवू दे."

"आई!"

"लिवू दे म्हणते."

सुग्रीव माझ्याकडं वळला. "ताई, तू सांग हिला. नकाशा तुझा. तू समजावून सांग लोकांना, उत्तर वर असती म्हणून. त्यात आबाची काय चूक?" मग आवाज उतरला त्याचा. "तुला बीडला जायचंय. मला रोज त्याच रस्त्यानं त्याच लोकांतून रानात जायचंय. गहिनीनाथ चेअरमनचा पोरगा म्हणून."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "सुग्रीव, भाईर सतरंजी टाक. माणसं येतील."

तो गेला. काकू कपबशा घेऊन त्याच्या मागं गेल्या. आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. माझ्याकडं न बघता ती बोलत होती.

"सभेच्या दिवशी हे घरी आले ते भाकरी न खाता बसले. म्हणलं, काय झालं? म्हणले, कायतरी चुकल्यावानी वाटतंय, पर कन्या म्हणती सगळं बराबर हाय. म्हंजे असंल." लाकडाचा धूर तिच्या डोळ्यांत गेला होता, तिनं पदरानं पुसलं. "मी काय शिकल्याली न्हाई. पर तू तवापासून घरी आलीस की जेवत न्हाईस, ते मला दिसतं."

"आई, मी..."

"मला सांगू नको. कुणालाच सांगू नको. त्यांना आता काय लागतंय? लोकं चार दिवस बोलतील, गप होतील. तू जित्ती हायेस. तुला नोकरी हाय, उद्या सासरघर हाय. गेल्याल्या माणसाच्या अंगावर काई बी घाला, त्याला जड व्हत न्हाई."

एवढं बोलताना तिचा आवाज हलला नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार तिनं त्या चुलीपुढं उचलून माझ्या बाजूला ठेवला, आणि मी "बरं" म्हणाले. खरंच म्हणाले. तिनं मान हलवली आणि पदर डोक्यावर ओढून ती दारात जाऊन बसली.

*

सव्वीस सभासद आले. काकांनी आईला नमस्कार केला. "वहिनी, वही."

"घ्या, भाऊजी." तिनंच उठून कपाटातून दिली.

काका सतरंजीवर बसले. खिशातून कागद काढून त्यांनी मसुदा वाचला. "दिशाभूल" शब्दाला त्यांचा आवाज बसला. खाकरून त्यांनी तो पुन्हा वाचला.  आबांच्या अंगणात बसून हे ऐकणं कुणालाच सोपं नव्हतं.

त्रिंबक म्हणाला, "नकाशा उलटा होता का आपण उलटे होतो, हे कसं कळावं? मला तर उलटं टांगलं तरी आमची हिच वळखती."

"त्रिंबक, गप ए," कुणीतरी म्हणालं.

"गप कावून? मी माळच म्हणून लावली होती. तू कुठं लावली होतीस ते सांग की बे."

"मी बी माळच."

"तू खाली लावलीस! मी बघितली!"

"मग ते खालीच माळ होता नव्हं का नकाशात? तूच म्हणतूस उलटा होता!"

झालं, तीन सभांतला तोच गोंगाट पुन्हा सुरू झाला. तेव्हा सारजाकाकू उठल्या. त्याही सभासद आहेत, पण सभेत त्या बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यातली काठी घेऊन त्या अंगणाच्या मधोमध आल्या आणि मातीत एक लांब रेघ ओढली, माळाच्या बाजूपासून फाटकापर्यंत.

"हा ओढा. हिकडं, कण्हेरीपाशी, माळ. तिथं तळं. हिकडं फाटकापाशी बंधारा. ज्याला जिथं विहीर पाहिजे होती तिथं जाऊन हुबं ऱ्हावा. तोंड कशाला वाजवताव?"

"अगं, तू कशाला मधी..." काका म्हणाले.

"तुमी बी हुबे ऱ्हावा," काकू त्यांना म्हणाल्या.

माणसं उठली. आधी बिचकत, मग भराभर. कुणी कुणाला विचारलं नाही. रेघेकडं बघितलं, माळाकडं मान वळवली, आणि चालत गेली. भिवराकाकू कण्हेरीपाशी जाऊन खाली बसल्या. "मी तर हितंच लावली होती," त्या म्हणाल्या. चहाचं आधण यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल. कण्हेरीकडं एकोणीस जण होते. फाटकाकडं सात. ते सातही खालच्या रानाचे होते, आणि शाळेत त्यांनी टिकल्या फ्लेक्सच्या खालच्या टोकाला लावल्या होत्या.

मी ओट्यावरून बघत होते. दोन महिने खपून मी जे केलं होतं ते अंगणात एका काठीनं झालं होतं. आणि दिशेला दिशा लागलेली होती.

काका कण्हेरीकडच्या घोळक्यात उभे होते. परत येऊन वहीसमोर बसताना ते कुणावर जिंकल्यासारखे दिसत नव्हते. "बघितलंत. वीसच्या वीस टिकल्या तळ्यासाठी होत्या. म्हंजे कारण हेच ऱ्हातं."

"काका." सुग्रीव हात जोडून उभा राहिला. सकाळचा राग त्याच्या तोंडावर नव्हता. एकोणीस माणसं एका बाजूला उभी राहिलेली त्यानं पाहिली होती. "लिवा. पर दिशाभूल नका लिवू. अध्यक्षांची चूक झाली, एवढं लिवा. मी सही करतो."

"चूक म्हंजे न कळता होती ती," काका म्हणाले. "त्याला मी पोकलेनपुढं हुबं ऱ्हाऊन सांगितलं होतं. थांब म्हणलं. तर म्हणतो, मी इचारून घेतलंय. कुणाला? नाव सांग म्हणलं. तीनदा इचारलं मी. नाव न्हाई सांगितलं." त्यांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. "म्हंजे कुणालाच इचारलं नव्हतं. सख्ख्या भावाला खोटं बोलला माझा दादा. ते मी चूक म्हणून कसं लिवू रे?"

 दारातून आई म्हणाली, "लिवा, भाऊजी. तुमच्या मनात हाय तसं लिवा."

काकांनी पेनाचं टोपण काढलं.

आबांनी नाव सांगितलं नव्हतं. आईनं सकाळी मला सांगितलं ते काकांना माहीत नव्हतं, आणि काकांनी आत्ता सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पोकलेनचा आवाज चालू असताना, भाऊ तोंडावर खोटारडा म्हणत असताना, तीनदा विचारल्यावर तीनदा, त्यांनी माझं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्यांना तोपर्यंत कळलं असणार. शिवार त्यांच्या पायाखालचं होतं. काकांनी तसं सांगितल्यावर न कळायला ते काही लहान नव्हते. छावणीत त्यांनी मला विचारलं नाही, ते मला अवघड वाटू नये म्हणून.

मी ओट्यावरून उतरले. आईनं माझा हात धरला; मी तो सोडवून घेतला. काकांच्या समोर, सतरंजीच्या कडेला, मी मातीतच बसले.

"काका, थांबा. ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी विचारलं होतं."

काकांनी मान वर केली नाही. "कुणाला?"

"मला."

"कन्या, घरात चल," आई मागून म्हणाली.

"नकाशा मी टांगला. आबा म्हणाले होते, भुईवर टाक, दिशेला दिशा लावून. मी ऐकलं नाही. ती माझी चूक. पण पुढचं चुकून झालं नाही, ते मी जाणून केलं." मी कण्हेरीपाशी बसलेल्या भिवराकाकूंकडं बघितलं. "भिवराकाकूंनी टिकली लावली तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही सगळे बंधाऱ्याला तळं समजताय. एकोणतीस माणसं लावायची राहिली होती. मी बोलले नाही, कारण मला हवी होती तीच जागा येत होती. मला वाटलं, पाणी लागलं की कुणी विचारणार नाही."

 काकांनी आता माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे अगदी आबांसारखे आहेत.

"सभा सुटल्यावर सगळे गेले, आबा शाळेच्या पायरीवर बसले होते. मला म्हणाले, कन्या, लोकांनी वर म्हंजे माळच धरला न्हाई ना गं? अजून वेळ हाय, धरला असंल तर आत्ताच माघारी बोलावतो सगळ्यांना."  हे मी छावणीत बोलायला हवं होतं, त्यांना. "मला माहीत होतं, काका. आणि मी त्यांना म्हणाले, नाही आबा, सगळ्यांना नीट कळलंय."